बनावट क्लिनरला बाहेरची वाट

अमेरिकेत ऑफिस डेपो नावाची दुकानांची मोठी साखळी आहे. कागद, शाई, खुर्च्या विकता विकता ही दुकानं ग्राहकांच्या कॉम्प्युटरची मोफत तपासणीही करून देत असत. काउंटरवरचा कर्मचारी 'पीसी हेल्थ चेक' नावाचा प्रोग्राम उघडायचा आणि आधी चार गोष्टी विचारायचा. मशीन हळू चालतं का? वारंवार बंद पडतं का? व्हायरसचा इशारा दिसला होता का? जाहिरातींच्या खिडक्या त्रास देतात का? यातल्या एका जरी प्रश्नाला ग्राहकाने 'हो' म्हटलं आणि कर्मचाऱ्याने त्या चौकटीत खूण केली, की तपासणीअखेर मालवेअरची लक्षणं सापडल्याचा निकाल ठरलेलाच. मधल्या वेळात पडद्यावर स्कॅनिंग चालायचं खरं, पण त्याचा त्या निकालाशी काही संबंध नव्हता. पुढे दुरुस्तीचं बिल कधीकधी ३०० डॉलरपर्यंत जायचं. हा प्रकार २००९ पासून २०१६ च्या नोव्हेंबरपर्यंत चालला. फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकी ग्राहकहित यंत्रणेने केलेल्या कारवाईत २०१९ मध्ये ऑफिस डेपोने अडीच कोटी आणि प्रोग्राम पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमने एक कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

मशीन साफ करून देतो म्हणत घराघरांतल्या कॉम्प्युटरवर येणारे बनावट क्लिनर प्रोग्राम याच तत्त्वावर चालतात. फरक एवढाच, की इथे काउंटर नसतो. पडद्याच्या कोपऱ्यात एक डायल फिरतो, लाल अक्षरांत '१,२८४ चुका सापडल्या' असं काहीतरी झळकतं आणि खाली 'आत्ताच दुरुस्त करा' हे हिरवं बटण. बटण दाबलं की कार्डाचा नंबर मागणारं पान उघडतं. त्या आकड्याचा मशीनच्या तब्येतीशी संबंध असेलच असं नाही. ग्राहकाने ते बटण दाबावं, एवढंच त्याचं काम.

जुना धंदा, नवे मुखवटे

कॉम्प्युटर वापरणाऱ्याच्या अज्ञानावर पैसे कमावण्याची ही रीत विंडोज ९५ इतकी जुनी आहे. १९९५ मध्ये सिन्क्रोनिस सॉफ्टकॉर्प या कंपनीने 'सॉफ्टरॅम ९५' बाजारात आणलं. मशीनची रॅम दुप्पट करून देण्याचा त्याचा दावा होता आणि लाखो प्रती खपल्या. तज्ज्ञांनी उघडून पाहिलं तेव्हा विंडोज ९५ वर ते रॅम वाढवण्याचं काहीच काम करत नसल्याचं निघालं. कमिशनने त्या कंपनीवरही कारवाई केली.

इंटरनेट घरोघरी पोचल्यावर धंद्याने वेग घेतला. विनफिक्सर, ड्राइव्हक्लिनर, एररसेफ, विनअँटिव्हायरस अशी एकाच टोळीची पिल्लं निरनिराळ्या नावांनी फिरू लागली. त्यांच्या जाहिराती नामांकित संकेतस्थळांवरही दिसायच्या, कारण जाहिरात देताना टोळी स्वतःला प्रतिष्ठित कंपनी किंवा संस्थेची प्रतिनिधी म्हणवायची. २००८ च्या डिसेंबरमध्ये कमिशन न्यायालयात गेलं तेव्हा फसलेल्यांची संख्या दहा लाखांच्या वर असल्याचं त्याने सांगितलं. २०१२ मध्ये न्यायालयाने याच प्रकरणात १६ कोटी ३० लाख डॉलरचा हुकूमनामा दिला. मॅकला व्हायरस लागत नाही असं मानणाऱ्यांची झोप २०११ मध्ये 'मॅक डिफेंडर'ने उडवली. तेव्हा ॲपलला खास सुरक्षा अपडेट काढावा लागला.

अलीकडचं प्रकरण सायप्रसमधल्या रिस्टोरो आणि रीइमेज या कंपन्यांचं. विंडोजचाच इशारा वाटेल अशा खिडक्या दाखवून त्या लोकांना 'मोफत स्कॅन'कडे वळवत. कमिशनच्या माणसांनी ग्राहक बनून, कसलीही अडचण नसलेल्या मशीनवर हे प्रोग्राम चालवून पाहिले, तरी शेकडो बिघाड सापडल्याचा निकाल आला. आधी कमी किमतीचं सॉफ्टवेअर विकायचं, मग ते चालू करण्याच्या निमित्ताने फोन करायला लावायचा आणि फोनवर शेकडो डॉलरची 'तज्ज्ञांची दुरुस्ती' गळ्यात मारायची, अशी पद्धत होती. २०२४ मध्ये या कंपन्यांनी २ कोटी ६० लाख डॉलर भरण्याचं मान्य केलं.

आधी निदान

पडद्यावर इशारा झळकला म्हणजे मशीनमध्ये काहीतरी शिरलंच आहे असं नाही. शक्यता तीन असतात आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

पहिली शक्यता, तो इशारा म्हणजे नुसतं एक वेबपेज असतं. पूर्ण पडदा व्यापतं, भोंगा वाजवतं, माउसचा बाण गायब करतं. पण मशीनमध्ये काहीच उतरलेलं नसतं. अशा वेळी एस्केपची कळ काही सेकंद दाबून धरावी, म्हणजे ब्राउझर पूर्ण पडद्यातून बाहेर येतो. एवढ्याने जमलं नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, यादीतला ब्राउझर निवडून 'एंड टास्क' करावं. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर तो आधीची पानं परत आणू का असं विचारतो. तिथे नकार द्यावा, नाहीतर तेच पान पुन्हा हजर.

दुसरी शक्यता म्हणजे नोटिफिकेशन. कधीतरी एखाद्या संकेतस्थळाने 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा' म्हटलेलं असतं आणि कुणीतरी ते दाबलेलं असतं. त्या दिवसापासून पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात 'तुमच्या पीसीत ५ व्हायरस' अशा पाट्या येत राहतात. नीट पाहिलं तर पाटीवर बारीक अक्षरांत ब्राउझरचं नाव आणि कुठल्या तरी अनोळखी संकेतस्थळाचा पत्ता असतो. हे दिसलं की दुखणं ब्राउझरच्या परवानग्यांमध्ये आहे हे नक्की; त्यावरचा उपाय पुढे, ब्राउझरच्या झाडाझडतीत.

तिसरी शक्यता खरी त्रासाची. मशीन सुरू होताच, ब्राउझर उघडण्याआधीच, स्कॅनची खिडकी आपोआप येते. डेस्कटॉपवर न मागवलेलं चिन्ह बसलेलं असतं. घड्याळाशेजारी नवा आयकॉन लुकलुकतो. म्हणजे प्रोग्राम आत बसला आहे. बहुतेक वेळा तो दुसऱ्या कुठल्या तरी मोफत प्रोग्रामसोबत आलेला असतो. व्हिडिओ प्लेअर, पीडीएफ जोडण्याचं साधन किंवा ड्रायव्हर शोधताना चुकीच्या 'डाउनलोड' बटणावर बोट पडतं आणि इन्स्टॉल करताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' करण्याच्या घाईत आधीच टिक केलेल्या चौकटी नजरेतून सुटतात.

हाकलण्याचा क्रम

सर्वांत आधी एक पथ्य. आत बसलेल्या प्रोग्रामच्या खिडकीतलं कुठलंही बटण दाबू नये, 'फिक्स' नको आणि 'फ्री ट्रायल'ही नको. त्याच्याशी जो काही व्यवहार करायचा तो विंडोजच्या दारातून करावा. महत्त्वाची कागदपत्रं आणि फोटो पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावेत आणि ती डिस्क काढून ठेवावी. चालू कामं बंद करावीत.

मग सेटिंग्जमधल्या 'ॲप्स'मध्ये जावं. विंडोज ११ मध्ये तिथे 'इन्स्टॉल्ड ॲप्स' अशी यादी आहे, विंडोज १० मध्ये 'ॲप्स अँड फीचर्स'. ही यादी नावानुसार न पाहता इन्स्टॉल केल्याच्या तारखेनुसार लावावी. इथेच बरंचसं गुपित फुटतं, कारण क्लिनर सहसा एकटा येत नाही. त्याच दिवशी एखादा 'ड्रायव्हर अपडेटर', एखादा 'वेब कंपॅनियन', एखादा अनोळखी ब्राउझर असे त्याचे सोबती रांगेत दिसतात. आपण स्वतः घातलेला नाही आणि ओळखीचाही नाही, असा त्या तारखेचा प्रत्येक प्रोग्राम एकेक करून अनइन्स्टॉल करावा. मात्र नावात मायक्रोसॉफ्ट, इंटेल, एएमडी, एनव्हिडिया, रियलटेक किंवा मशीनच्या कंपनीचं नाव असलेल्या गोष्टी खात्री केल्याशिवाय काढू नयेत. त्यांत पडद्याचे, आवाजाचे, वायफायचे ड्रायव्हर असतात.

अनइन्स्टॉल करतानाही हे प्रोग्राम सहजासहजी पिच्छा सोडत नाहीत. 'तुमचा पीसी असुरक्षित होईल' अशी धमकी येते, निम्म्या किमतीची सवलत पुढे केली जाते, 'ठेवा' हे बटण मोठं आणि रंगीत असतं आणि 'तरीही काढा' ही ओळ फिक्या राखाडी अक्षरांत कोपऱ्यात असते. सावकाश वाचून ती राखाडी ओळ निवडावी. शेवटी 'का सोडून जाताय?' असं विचारणारं पान ब्राउझरमध्ये उघडतं, ते उत्तर न देता बंद करावं आणि मशीन रीस्टार्ट करावं.

प्रोग्राम यादीत दिसतच नसेल किंवा निघायला तयार नसेल, तर सेफ मोडचा आधार घ्यावा. शिफ्टची कळ दाबून धरून 'रीस्टार्ट' निवडलं की निळा पडदा येतो. तिथे 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'स्टार्टअप सेटिंग्ज' आणि पुन्हा रीस्टार्ट झाल्यावर ४ चा आकडा. डिस्क विंडोजच्याच बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद असेल तर मशीन रिकव्हरी की मागू शकतं. घरगुती मशीनच्या बाबतीत ती सहसा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, म्हणून दुसऱ्या उपकरणावरून ती आधीच पाहून ठेवलेली बरी. सेफ मोडमध्ये विंडोज अगदी मोजक्या गोष्टी चालू ठेवतं, त्यामुळे क्लिनरला स्वतःचा बचाव करायला वाव राहत नाही. काही प्रोग्राम मात्र या अवस्थेत अनइन्स्टॉल होत नाहीत, कारण त्यांना लागणारी विंडोजची इन्स्टॉलर सेवाच तिथे बंद असते. अशांचा बंदोबस्त पुढच्या टप्प्यात.

तो टप्पा म्हणजे स्कॅन, आणि त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. विंडोजमध्येच असलेल्या 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', त्यात 'स्कॅन ऑप्शन्स'. आधी 'फुल स्कॅन' करावा, मग 'ऑफलाइन स्कॅन'. हा दुसरा प्रकार मशीन रीस्टार्ट करून, विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच डिस्क तपासतो; सुमारे पंधरा मिनिटं लागतात आणि लपून बसलेल्यांना पळायला जागा उरत नाही. त्याउपर दुसरं मत हवं असेल तर मायक्रोसॉफ्टचंच 'सेफ्टी स्कॅनर' हे मोफत साधन आहे. डाउनलोड केल्यापासून दहा दिवसांनी ते कालबाह्य होतं, त्यामुळे प्रत्येक वेळी ताजी प्रत घ्यावी लागते. जाहिराती आणि नकोशा प्रोग्रामांसाठी मालवेअरबाइट्सचं 'ॲडडब्ल्यूक्लिनर' (AdwCleaner) हेही मोफत आणि नेमकं काम करणारं आहे. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही अशी मोफत साधनं मिळतात.

इथे एक खड्डा आहे आणि सावध माणसंही त्यात पडतात. क्लिनरचं नाव टाकून 'कसं काढायचं' असं शोधलं की पहिल्या काही निकालांत हमखास अशी पानं येतात, ज्यांत दहा-बारा पायऱ्या समजावून सांगितल्यानंतर 'हे आपोआप करण्यासाठी' दुसराच एक क्लिनर डाउनलोड करायला सुचवलेलं असतं. भामट्याला हुसकावण्यासाठी त्याच्या मावसभावाला घरात घेण्यासारखंच ते. वर सांगितलेली साधनं त्यांच्या मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावीत. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदींची वही, उघडून हाताने नोंदी पुसण्याच्या सल्ल्यापासून तर नवख्याने लांबच राहावं.

टास्क मॅनेजरमधल्या 'स्टार्टअप ॲप्स'मध्ये डोकावून अनोळखी नावं 'डिसेबल' करावीत. काढलेला प्रोग्राम रोज ठरावीक वेळी परत उगवत असेल, तर 'टास्क शेड्युलर'मध्ये त्याच्या नावाची नोंद शिल्लक आहे का ते पाहावं. एवढं करूनही भागलं नाही तर दोन वाटा उरतात. पहिली 'सिस्टिम रिस्टोअर'. बिघाडाआधीच्या तारखेचा रिस्टोअर पॉइंट असेल तर विंडोज त्या दिवसाच्या अवस्थेत जातं, वैयक्तिक फाइल्सना धक्का लागत नाही. दुसरी 'रीसेट धिस पीसी', त्यात 'कीप माय फाइल्स' निवडलं की फाइल्स राहतात, पण नंतर घातलेले सगळे प्रोग्राम जातात आणि पुन्हा बसवावे लागतात.

मॅकवर प्रकार सोपा वाटतो, पण ॲप्लिकेशन्समधला प्रोग्राम कचराकुंडीत टाकून भागत नाही. सिस्टिम सेटिंग्जमधल्या 'लॉगिन आयटम्स'मध्ये त्याची शेपटी राहिलेली असते, तीही काढावी लागते.

ब्राउझरची झाडाझडती

प्रोग्राम गेला तरी पाट्या येतच राहिल्या, तर क्रोममध्ये सेटिंग्ज, 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'साइट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स' या वाटेने जावं. ज्यांना परवानगी दिली आहे अशा संकेतस्थळांची यादी दिसते. बातम्या आणि ईमेल यांपलीकडचं जे अनोळखी असेल ते काढून टाकावं. एज आणि फायरफॉक्समध्येही अशीच यादी असते. मग एक्स्टेन्शन तपासावीत. 'शॉपिंग असिस्टंट', 'सर्च मॅनेजर' असल्या नावांची, कुणी घातली ते आठवत नसलेली एक्स्टेन्शन काढावीत. मुखपृष्ठ आणि सर्च इंजिन बदललेलं असेल तर पूर्ववत करावं. गुंता जास्तच असेल तर 'रीसेट सेटिंग्ज'चा पर्याय आहे, त्यात बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड टिकतात. एकच खातं घरातल्या दोन मशीनवर वापरलं जात असेल तर काढलेलं एक्स्टेन्शन दुसऱ्या मशीनवरून सिंक होऊन परत येतं, म्हणून तिथूनही ते काढावं.

फोन केला असेल तर

मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. ज्या खिडकीत नंबर आहे ती बनावट, एवढी ओळख पुरेशी आहे. या नंबरांमागे बसलेल्यांत भारतातली बेकायदा कॉल सेंटरंही आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२'मध्ये देशभर ७६ ठिकाणी छापे घातले. मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून नोंदवलेल्या प्रकरणांत परदेशी नागरिकांना टेक सपोर्टच्या नावाने लुबाडलं जात होतं. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांतले ज्येष्ठ अशा फोनना बळी पडू शकतात, कारण पलीकडचा माणूस हिंदीतही आपुलकीने बोलणारा असू शकतो.

फोनवरच्या माणसाच्या सांगण्यावरून एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर बसवून मशीन त्याच्या ताब्यात दिलं असेल, तर प्रकरण नुसत्या क्लिनरचं राहत नाही. लगेच इंटरनेट तोडावं, ते साधन काढून टाकावं, वर दिलेले स्कॅन करावेत आणि ईमेल व बँकेचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलावेत.

पैसे गेले असतील तर पहिला फोन बँकेला. कार्ड बंद करून तक्रार क्रमांक घ्यावा. कार्डाचे तपशील आपणच दिले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाच्या माथी येतं, कळवल्यानंतरचं बँकेच्या. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये तसा नियम केला, म्हणून कळवायला संकोच करण्यात तोटाच आहे. दरवर्षी आपोआप पैसे कापण्याची मंजुरी दिली गेली असेल तर बँकेकडून ती रद्द करवून घ्यावी. लगोलग १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे पुढे सरकण्याआधी अडवण्याची संधी पहिल्या काही तासांतच असते. व्यवहाराचा संदेश, पडद्याचे फोटो, आलेले ईमेल जपून ठेवावेत. ग्राहक म्हणून दाद मागायची तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न्स' रोखण्यासाठी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत तेरा प्रकार दिले आहेत. मशीनमध्ये व्हायरस असल्याचं खोटंच भासवून तो काढण्यासाठी पैसे उकळणं हा त्यांतला एक आहे. तक्रारीत त्याचा उल्लेख जरूर करावा.

खरी सफाई

क्लिनर मुळात शोधला जातो, कारण मशीन खरोखरच रेंगाळत असतं. त्यावरचे इलाज विंडोजमध्येच आहेत. सेटिंग्जमधल्या 'सिस्टिम', 'स्टोरेज' इथे 'स्टोरेज सेन्स' सुरू केलं की तात्पुरत्या फाइल्स आपोआप साफ होतात आणि रीसायकल बिनचीही मुदत ठरवता येते. स्टार्टअप यादी छाटली की मशीन लवकर उठतं. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर व्हिडिओ दुसरीकडे हलवावेत. जुन्या मशीनमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवल्याने पडणारा फरक कुठलाही क्लिनर देऊ शकत नाही.

रजिस्ट्री साफ करण्याची तर गरजच नसते. रजिस्ट्रीत काही हजार जुन्या नोंदी पडून राहिल्या म्हणून मशीन मंदावत नाही, उलट चुकीची नोंद पुसली गेली तर विंडोज सुरू होणंही अवघड होतं. असल्या साधनांना आपला पाठिंबा नाही, हे मायक्रोसॉफ्टनेही स्पष्ट केलेलं आहे. नावाजलेले, खरे क्लिनरही धोक्यापलीकडे नाहीत. २०१७ मध्ये हल्लेखोरांनी सीक्लिनरच्या अधिकृत आवृत्तीतच घातक कोड घुसवला आणि महिनाभर तो कंपनीच्याच संकेतस्थळावरून वाटला गेला. सुमारे २२ लाख ७० हजार वापरकर्त्यांच्या मशीनवर ती आवृत्ती पोचली होती.

पुन्हा शिरकाव नको

मार्च २०१८ पासून मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर हा अँटिव्हायरस धमकावून पैसे मागणाऱ्या क्लिनरांना नकोसे ठरवून काढू लागला. विंडोजमध्ये त्यासाठीचं खास बटणही आहे. 'विंडोज सिक्युरिटी'मधल्या 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन' उघडून 'पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग' चालू आहे ना ते पाहावं. त्याखालच्या 'ब्लॉक ॲप्स' आणि 'ब्लॉक डाउनलोड्स' या दोन्ही चौकटींत टिक हवी. नवीन काही बसवताना 'एक्सप्रेस' ऐवजी 'कस्टम' निवडावं, म्हणजे सोबत येणाऱ्यांची नावं आधीच दिसतात.

आई-वडिलांच्या किंवा शाळकरी मुलांच्या मशीनवर रोजच्या वापरासाठी 'स्टँडर्ड' प्रकारचं खातं उघडून द्यावं आणि ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं वेगळं, पासवर्ड लावून, घरातल्या जाणत्या माणसाकडे ठेवावं. मग बहुतेक प्रोग्राम बसण्याआधी तो पासवर्ड मागतात. मुलगा पुण्यात आणि आई-वडील चिपळूणला असले तरी इन्स्टॉल होण्याआधी सहसा एक फोन येतो, आणि त्या फोनवर 'हे कुठून डाउनलोड केलं?' एवढं विचारता येतं. महिन्यातून एकदा 'इन्स्टॉल्ड ॲप्स'ची यादी तारखेनुसार लावून वरची पाच-सहा नावं वाचून घ्यावीत. अनोळखी नाव दिसलं तर ते त्याच दिवशी काढावं, म्हणजे त्याला सोबती जमवायला वेळ मिळत नाही.